केमोनंतर आईच्या तोंडात फोड आलेत, पाणीही गिळवत नाही. घरी काय करू?

दुसऱ्या केमोनंतर आईचं जेवण बंद झालंय आणि नातेवाईक म्हणतात, 'केमोत हे व्हायचंच', असं तुम्ही लिहिलंय. होतं हे खरं, पण म्हणून त्यांनी सोसत बसायचं कारण नाही. मी नागपुरात कॅन्सर वॉर्डात नर्स आहे.

आधी थर्मामीटर. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर हे उत्तर पुढे वाचू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात आणि तोंडातल्या जखमेतून जंतू रक्तात शिरू शकतात. डॉक्टरांना न विचारता क्रोसिन देऊ नका. ताप दबतो आणि खरं दुखणं झाकलं जातं.

ताप नसेल तर टॉर्च लावून तोंड बघा. जीभ उचलायला सांगा, गालांची आतली बाजू, ओठांमागचा भाग. पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते, तिला औषध लागतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा घाला. जागेपणी दर दोन-तीन तासांनी हळू खळखळून थुंकायचं. रोज नवं पाणी करा. कवळी असेल तर काढून ठेवा, ब्रश लहान मुलांचा मऊ घ्या. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको.

भेटायला येणारा प्रत्येक जण संत्री आणतो, आपल्याकडे तेच होणार. ती सध्या बाजूला ठेवा. आंबट आणि तिखट दोन्ही आग करतात. गार झालेली पातळ खिचडी, साय काढलेलं दूध, शिजवून घोटलेलं सफरचंद चालेल. दुखणं फार असेल तर तोंड बधिर करणारं जेल डॉक्टर लिहून देतात. ते जेवणाआधी लावायचं, मग घास अगदी लहान, नाहीतर गाल चावला जातो किंवा ठसका लागतो.

नागपूरच्या उन्हात पाणी पोटात जात नसेल तर वाट बघू नका. लघवी कमी, गडद झाली की सलाइन लागू शकतं.

पुढच्या केमोआधी हे फोड डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोस किंवा तारीख बदलायची का ते ठरवतील. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध शिरेत एकदम देतात तेव्हा तोंडात बर्फ धरल्याने फोड कमी येतात, हेही विचारा. मात्र सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध असेल तर थंडाचा त्रास होतो, तेव्हा मनाने बर्फ देऊ नका.