पाटी कोडॅकची, दुकान कोणाचे?

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसासाठी ‘कोडॅक पिक्सप्रो’ हा छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा असे मनात आहे. परंतु कोडॅक कंपनीचे दिवाळे निघाल्याचे काही वर्षांपूर्वी वाचले होते आणि आता त्याच नावाचे टीव्हीही विक्रीला आहेत. हा माल बनावट समजावा काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बनावट मुळीच नाही. मात्र ज्या कंपनीच्या रोलची काळी डबी आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे हळदकुंकू नाहीतर सुट्टी नाणी ठेवायला वापरली गेली, त्या कंपनीने हा कॅमेरा बनवलेला नाही. तिने त्यावर आपले नाव लावू दिले आहे, एवढेच.

अमेरिकेतील रोचेस्टर येथील ईस्टमन कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली धनकोंपासून संरक्षण मागितले आणि त्याच वर्षी डिजिटल कॅमेरे बनवणे थांबवले. १९७५ साली ज्या कंपनीच्या स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला, तिच्यावर ही वेळ यावी हा दैवदुर्विलासच म्हणायचा. कर्ज फेडण्यासाठी तिने डिजिटल छायाचित्रणाची पेटंटे ५० कोटी डॉलरहून थोड्या अधिक किमतीला विकून टाकली. नाव मात्र हातचे सोडले नाही. माझ्या मते यात मोठा व्यवहारीपणा होता, कारण पेटंटची मुदत केव्हातरी संपतेच, परंतु व्यापारचिन्हाची नोंदणी वेळोवेळी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येते आणि तेच नाव एकाच वेळी निरनिराळ्या वस्तूंसाठी निरनिराळ्या लोकांना वापरायला देता येते.

करार साधारणपणे असा असतो : नावाचा मालक कोणती वस्तू, कोणता प्रदेश आणि किती वर्षे हे ठरवून परवाना देतो, परवानाधारक स्वतःचे भांडवल घालून माल बनवतो किंवा बनवून घेतो, विक्रीवर ठरावीक टक्के स्वामित्वधन देतो आणि विक्री कमी झाली तरी बहुधा एक किमान रक्कम त्याला भरावीच लागते. दर्जावर देखरेख ठेवण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. ती देखरेख कडक की नावापुरती, यावर पुढचे सारे अवलंबून असते. पिक्सप्रो कॅमेऱ्यांचा परवाना कॅलिफोर्नियातील जेके इमेजिंगकडे २०१३ पासून आहे. भारतातले कोडॅक टीव्ही २०१६ पासून नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी विकत आली असून थॉमसन आणि ब्लाउपुंक्ट ही जुनी युरोपीय नावेही तिने अशाच परवान्यावर घेतली आहेत. म्हणजे दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या तीन ‘प्रतिस्पर्धी’ टीव्हींचे बिऱ्हाड एकच असू शकते!

भाडेकरू चांगला मिळाला तर नावाचे सोनेही होते. व्हिएन्नामध्ये १७५६ साली सुरू झालेल्या फोइग्टलेंडर या भिंगे-कॅमेऱ्यांच्या जुन्या पेढीचे नाव १९९९ पासून जपानची कोसिना कंपनी आपल्या लेन्सांवर लावते आणि त्या लेन्स जाणकार आवडीने घेतात. उलट झटपट छायाचित्र देणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले पोलरॉइड हे नाव मध्यंतरी टीव्हीपर्यंत वाटेल त्यावर छापले गेले. अखेर पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये सोडून दिलेला नेदरलँड्समधील फिल्मचा कारखाना ज्यांनी चालू ठेवला, त्यांच्याच हाती ते नाव २०१७ साली आले.

आता आपल्या कॅमेऱ्याविषयी. खोका हाती आला की पुढचे पिवळे-लाल अक्षर सोडून तळाकडची बारीक छपाई वाचावी. कोडॅकचे चिन्ह परवान्याखाली वापरल्याची ओळ तेथे सापडेल. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. वॉरंटीसाठी आपला संबंध त्याच नावाशी येणार, रोचेस्टरशी नव्हे. तेव्हा जवळपास दुरुस्तीची सोय कोठे आहे हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि कॅमेऱ्याची तुलना त्याच किमतीच्या इतर कॅमेऱ्यांशी करावी, आपल्या जुन्या आठवणींशी नको.

घरात एखादा जुना रोलचा कॅमेरा पडून असेल, तर त्यात घालायचा कोडॅकचा रोल मात्र आजही ईस्टमन कोडॅकच्या रोचेस्टरच्या कारखान्यातच तयार होतो.