सौदीच्या वर्क व्हिसासाठी मुंबईत मेडिकल कशी होते? जुना टीबी आडवा येतो का?

आधी आखाती देशांसाठीच्या मेडिकलचं बुकिंग होतं त्या वाफिदच्या, म्हणजे पूर्वीच्या गामकाच्या, साइटवर पैसे भरून मेडिकल सेंटरची अपॉइंटमेंट स्लिप काढा. आपल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. सेंटरला मूळ पासपोर्ट न्या. रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी वगैरे बघतात.

खरी मेख छातीच्या एक्स-रेत आहे. टीबी पूर्ण बरा झाला तरी फुप्फुसावर डाग राहिला असेल, तर ‘अनफिट’ शेरा येऊ शकतो. माझ्या चुलतभावाचं तेच झालं, आणि हा पठ्ठ्या गावाला पार्टी देऊन बसलेला! तेव्हा आधी बाहेर एक्स-रे काढून बघा, मगच इथली नोकरी सोडा. ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका, तिकडे उतरल्यावर इकाम्यासाठी, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यासाठी, पुन्हा मेडिकल होते.

कतारला जाणाऱ्यांचं वेगळं, त्यांची मेडिकल मुंबईतल्या कतार व्हिसा सेंटरलाच होते.