शेजाऱ्याने भाव पाडला, आपण काय करावं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : या वेळी लॉज आणि छोटी हॉटेलं

प्रश्न (भुसावळ) : स्टेशनजवळ आमचं 12 खोल्यांचं लॉज आहे. भाडं 1,200 रुपये. एक खोली एका रात्रीला गेली की एक, असं मोजलं तर महिन्याला साधारण 180 खोल्या लागतात. पगार, कर्जाचा हप्ता, वीजजोडणी असा ठरलेला खर्च 1,44,000 आहे. शेजारच्याने भाडं 900 केलंय. आम्हीही उतरावं का?

उत्तर : आधी एक खोली एक रात्र लागली की गल्ल्यातून नेमकं किती जातं ते काढा. चादर-टॉवेलची धुलाई, साबण, पाण्याची बाटली, त्या रात्रीची वीज आणि सफाई मिळून 240 रुपये धरू. म्हणजे 1,200 मधले 960 हाती राहतात. 150 खोल्या लागल्या की ठरलेला खर्च निघतो आणि उरलेल्या 30 खोल्यांचे 28,800 तुमचे.

भाडं 900 केलंत तर हाती फक्त 660 राहतात, कारण चादर धुवायला तेवढेच पैसे लागतात. तेच 28,800 कमवायला आता 262 खोल्या लागायला हव्यात, म्हणजे आजच्यापेक्षा 82 जास्त. शिवाय तुम्ही 900 वर आलात की शेजारी 800 वर जाणार. आमचं मत स्पष्ट आहे : फलकावरचा दर हलवू नका.

गिऱ्हाईक कुठून येतं ते मात्र तपासा. ऑनलाइन बुकिंगवाल्याचं कमिशन 20 टक्के असेल तर 1,200 मधले 240 तिथेच जातात आणि हाती 720 उरतात. नेहमी येणाऱ्या केळीच्या व्यापाऱ्याला, औषध कंपनीच्या प्रतिनिधीला थेट फोनवर 1,100 ने खोली दिली तरी 860 राहतात. त्याला पावतीच्या मागे आपला नंबर लिहून द्या, एवढं पुरतं.

भुसावळला गाड्या अपरात्री येतात-जातात, त्याचा फायदा घ्या. गाडी बदलणाऱ्या कुटुंबाला रात्रभराची खोली नको असते, आंघोळ आणि चार तास पाठ टेकायला जागा हवी असते. सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या वेळात तीन-चार खोल्या सहा तासांसाठी 600 ने द्या. धुलाई पूर्णच लागते, त्यामुळे 500 च्या खाली येऊ नका. ओळखपत्र आणि रजिस्टरमधली नोंद सहा तासांच्या पाहुण्यालाही तितकीच सक्तीची ठेवा. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरावी लागते.

जाता जाता : महिना 180 खोल्या म्हणजे वर्षाची उलाढाल 25 लाखांच्या वर. जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा तुम्ही ओलांडली आहे. सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही. म्हणून गाद्या, रंग, टीव्ही यांचं अंदाजपत्रक करासकटच्या किमतीने करा.

प्रश्न (धुळे, महामार्गालगत) : दहा खोल्या, सगळीकडे कूलर. सगळ्यांत एसी बसवावा का?

उत्तर : पाच खोल्यांत बसवा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम चालतो, फक्त समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. खिडकी बंद केली की खोली चिकट होते आणि पाहुणा कूलरला नावं ठेवतो. जूनमध्ये हवा दमट झाली की मात्र कूलरचा उपयोग संपतो.

एसी आधी खालच्या मजल्यावर लावा. वरच्या खोल्यांचा स्लॅब दिवसभर तापतो, तिथे मशीन रात्री दोनपर्यंत थांबत नाही. वर आधी गच्चीला चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग द्या आणि त्या खोल्या कूलरसह स्वस्तात विका.

एका एसीचा हिशेब असा : बसवण्यासकट 45,000, जादा भाडं 400, रात्रीची 10 युनिटं आणि 13 रुपये दर धरला तर 130 वीज. उरले 270. म्हणजे 167 रात्रींत पैसे वसूल. तुमच्या बिलातला दर टाकून पुन्हा करा.

एसीचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा अरुंद डक्टमध्ये नको. तिथे गरम हवा फिरून परत आत ओढली जाते आणि मे महिन्यात भर दुपारी कॉम्प्रेसर बंद पडतो. प्रत्येक एसीला 4 चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) द्या. पाच एसींचा भार आठ-साडेआठ किलोवॅट होतो, तेव्हा वीज कंपनीकडून मंजूर भार आधी वाढवून घ्या. किल्लीच्या कार्डावर वीज चालू होणारा स्विच बसवाल तर पाहुणे त्यात दुसरंच कार्ड खोचून जातात, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न (अमळनेर) : बोअरचं पाणी जड आहे. गिझर वर्ष-दीड वर्षात जातात. काय करावं?

उत्तर : गिझरमधून खडखड किंवा कढल्यासारखा आवाज येतो का? तो पाणी तापवणाऱ्या कॉइलवर बसलेल्या क्षाराचा. थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि जळते. थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारं बटण) 50 ते 55 अंशांवर ठेवा. 60 च्या पुढे क्षार झपाट्याने बसतो.

दर सहा महिन्यांनी मेन स्विच बंद करून, टाकी रिकामी करून कॉइल बाहेर काढा. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तासभर बुडवून ठेवा. हातोडीने ठोकू नका, वरचं आवरण फुटतं. बसवताना रबरी वॉशर नवा घाला. सोबतची मॅग्नेशियमची कांडी अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदला. टाकीऐवजी झिजायचं हेच तिचं काम. कांडी संपली की टाकी गंजते, आणि ती दुरुस्त होत नाही. जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी महिन्यातून एकदा उचलून पाहा. क्षाराने जाम झालेला व्हॉल्व्ह धोक्याचा.

सॉफ्टनर (मिठाच्या मदतीने जड पाणी मऊ करणारं यंत्र) घेणार असाल तर पूर्ण इमारतीला नको. गिझरची आणि धुलाईची लाइन त्यावर घ्या, फ्लशची नको. त्यामुळे मिठाचा खर्च आवाक्यात राहतो आणि पांढऱ्या चादरी करड्या पडत नाहीत. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच ठेवा : एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. दोनच असले की पावसाळ्यात ओली चादर अंथरायची पाळी येते.

प्रश्न (जळगाव) : अजिंठ्याला जाणारे प्रवासी आमच्याकडे का थांबत नाहीत?

उत्तर : लेणी जळगावहून साधारण 60 किलोमीटरवर आहेत आणि सोमवारी बंद असतात. रविवारच्या रात्रीचं बुकिंग घेतानाच हे सांगा. न सांगितल्याचा राग प्रतिक्रियेत तुमच्यावरच निघतो. या प्रवाशाला तीन गोष्टी हव्या असतात : सकाळी सातला नाश्ता, ठरलेल्या दराची गाडी, आणि खोली सोडल्यावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत कुलपात सामान. नाश्त्याला पोहे, चहा आणि केळी पुरेत. पूर्ण स्वयंपाकघराच्या भानगडीत पडू नका. शेवभाजी-भाकरीसाठी जवळच्या चांगल्या खाणावळीशी बोलून घ्या आणि तिचं दरपत्रक खोलीत ठेवा.