‘स्क्रेपीप्रूफ’ बोकडाला जादा पैसे मोजू नका

या आठवड्यात दोन प्रश्न आलेत. एका भावाला व्यापारी म्हणतोय बोअर जातीचा बोकड ‘स्क्रेपीप्रूफ जीन’चा आहे, लॅबचा कागद आहे, २० हजार जादा द्या. स्क्रेपी म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूचा जीवघेणा रोग, त्यात जनावर अंग घासत राहतं. दुसऱ्याच्या शेळ्या भिंतीला अंग घासतायत, दुकानदारानं स्क्रेपीची भीती घालून आयव्हरमेक्टिन या उवा-खरजेच्या औषधाचा ‘स्पेशल डोस’ गळ्यात मारलाय.

आधी दुसरं. घासणारी शेळी म्हणजे स्क्रेपी नाही हो. इतके गोठे फिरलो, घासणारी शेळी निघते ती उवांची नाहीतर खरजेची. उन्हात धरून केस फाकवून बघा, उवा चालताना दिसतात, खरजेत कानाच्या कडेला आणि तोंडाला जाड खपली धरते. एक टक्क्याचं आयव्हरमेक्टिन ५० किलोला १ मिली, म्हणजे २५ किलोच्या शेळीला अर्धा, कातडीखाली, बस. दुकानदार म्हणतो ‘२ मिली मारा, शेळीला काय होतंय’, तर तो चौपट डोस झाला, नका मारू. करडाला तर अंदाजानं अजिबात नको, आधी काट्यावर घाला. आणि केस कुरतडणाऱ्या उवांवर इंजेक्शन फारसं चालतच नाही, वरून औषध लावावं लागतं, त्यामुळं डोस वाढवून नुसते पैसे जातात.

आता बोकड. स्क्रेपी हा जिवाणू-विषाणूचा रोग नाही, मेंदूतलं प्रियॉन नावाचं प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या प्रथिनालाही तसंच वळवतं. लक्षणं दिसायला दोनेक वर्षं जातात, इलाज नाही, लस नाही. शेळीत याला चांगला अडवणारे जीनचे दोन प्रमुख प्रकार आहेत, एस १४६ आणि के २२२, आईबापापैकी एकाकडून आला तरी जोर चांगला. सायप्रसमध्ये शेळ्यांत हा रोग मुरलेला, तिथं याला किंमत आहे. युरोपियन युनियनच्या २०२० च्या नियमानं तर कळपात रोग निघाला तरी असं जीनवालं जनावर मारण्यापासून वाचवता येतं. बोअरमध्ये एस १४६ सापडतो, म्हणजे व्यापारी बोलतो ते अगदीच हवेत नाही.

पण भावानं पाठवलेला कागद मी झूम करून बघितला, त्यावर आकडे १३६, १५४, १७१, म्हणजे मेंढीच्या जीनमध्ये तपासतात त्या जागा. हा मेंढीचा रिपोर्ट आहे राव! शेळीला लागूच नाही. आणि समजा खरा निघाला तरी जीनची एकच प्रत असलेला बोकड साधारण निम्म्याच करडांना तो जीन देणार, आणि त्यानं पीपीआर (शेळ्यांचा साथीचा विषाणूरोग) थांबत नाही, आंत्रविषार (आतड्यात विष होण्याचा रोग) थांबत नाही. आपल्याकडं गोठे रिकामे होतात ते त्यानं. पीपीआरची लस तीन महिन्यांवरच्या करडाला १ मिली, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी. लस टोचायला साथ गावात यायची वाट बघू नका, तेव्हा उशीर झालेला असतो. व्यापाऱ्याकडची बिनलेबलची ‘घरगुती लस’ तर कधीच नको, इटलीत लसीतूनच शेळ्यांत स्क्रेपी पसरल्याचं उदाहरण आहे.

माझा आग्रह दोनच गोष्टींचा, विकत आणलेलं जनावर ३० दिवस वेगळं बांधा आणि व्यायल्यावर वार (जार) कुत्र्यांपुढं न टाकता खोल पुरा, स्क्रेपी वारेतूनही पसरते आणि गर्भपाताचे रोगही.

कुणी सरकारी योजनेचंही विचारलंय, राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या गटापासून पुढं, ५० टक्के अनुदान, अर्ज ऑनलाइन. बाकी तालुक्याच्या दवाखान्यात विचारा, एजंटला नको.