डिव्हिजन २ च्या कोचेस पोलमध्ये १९ वा क्रमांक म्हणजे प्लेऑफ पक्का का?

प्रश्नकर्त्यांची मुलगी मिशिगनमधल्या एका डिव्हिजन २ कॉलेजात शिकते. तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ या आठवड्याच्या कोचेस पोलमध्ये (कोच मतं देऊन काढतात ती २५ संघांची यादी) देशात १९ वा आला आणि कॅम्पसवर सगळे प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरीची स्पर्धा, मिळाल्यासारखे वागताहेत. त्या क्रमांकाला किती किंमत द्यायची, असं त्यांनी विचारलंय.

पक्का वगैरे काही नाही. त्या १९ आकड्याचा प्लेऑफच्या निवडीशी काडीचाही संबंध नाही. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिने डिव्हिजन २, म्हणजे तिच्या दुसऱ्या स्तरासाठी, देशाचे चार सुपर रीजन (प्रादेशिक गट) पाडलेत. २०२५ पासून प्लेऑफमध्ये ३२ संघ असतात, प्रत्येक रीजनमधून ८. त्याआधी २८ होते, रीजनमागे ७. कुणाला घ्यायचं हे समित्या ठरवतात आणि त्यांची स्वतःची रीजनल रँकिंग असते. ती हंगामाच्या शेवटच्या काही आठवड्यांतच बाहेर पडते. कोचेस पोल काढते अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशन, म्हणजे एएफसीए. दोन्ही याद्या काढणारी माणसं वेगळी, निकष वेगळे. देशात १९ वा असलेला संघ आपल्याच रीजनमध्ये दहावा असू शकतो, आणि मग तो घरी बसतो. देशात तिसावा असलेला संघ एखाद्या हलक्या रीजनमध्ये सहावा ठरून आत जातो. दरवर्षी कुठे ना कुठे या कारणावरून रडारड होते आणि दरवर्षी लोक नव्याने चकित होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुम्ही मिशिगनचं नाव काढलंत म्हणून २०२२ च्या हंगामाबद्दल लिहितोच, कारण पोलचा भ्रम त्या वर्षाइतका उघडा कधी पडला नसेल. बिग रॅपिड्सचं फेरिस स्टेट आणि अ‍ॅलेंडेलचं ग्रँड व्हॅली स्टेट हे दोघे ग्लायक कॉन्फरन्समधले (आपसांत नियमित खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातले) शेजारी. फेरिस आदल्या वर्षीचा विजेता. ऑक्टोबरच्या मध्यावर दोघे भिडले तेव्हा देशातले सर्वोत्तम दोन संघ समोरासमोर आहेत यावर कुणाचं दुमत नव्हतं. ग्रँड व्हॅली २२-२१ ने जिंकलं. एका गुणाने. आता पोलच्या हिशेबात या दोघांची खरी लढत अंतिम सामन्यातच व्हायला हवी होती. पण दोघे सुपर रीजन ३ मध्ये, आणि त्याच रीजनमध्ये मिसुरी, कॅन्सस, आर्कान्सापर्यंतचे तगडे संघ. एकही सामना न हरलेलं पिट्सबर्ग स्टेट तिथेच, नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटही तिथेच.

पुढे काय झालं ते नीट बघा. फेरिसला दुसऱ्या फेरीत पिट्सबर्ग स्टेटच्या मैदानावर जावं लागलं. तिथे ते १७-१४ ने निसटले. दुसरीकडे ग्रँड व्हॅलीने नॉर्थवेस्ट मिसुरीला १३-८ असं कसंबसं रोखलं. मग उपांत्यपूर्व फेरीत अ‍ॅलेंडेलला पुन्हा तेच दोघे, आणि या वेळी फेरिस २४-२१. ग्रँड व्हॅलीचा पूर्ण हंगामातला हा एकमेव पराभव, तोही तीन गुणांनी, आणि त्यांना उपांत्य फेरीसुद्धा बघायला मिळाली नाही. फेरिसने अंतिम सामन्यात कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सला ४१-१४ असं लोळवलं. म्हणजे अंतिम सामना २७ गुणांचा आणि त्याआधीच्या दोन रीजनल लढती तीन-तीन गुणांच्या. खरी अंतिम फेरी कुठे झाली ते हे आकडेच सांगतात. पुढच्या वर्षी हार्डिंगने ग्रँड व्हॅलीला याच टप्प्यावर ७-६ ने बाहेर काढलं आणि अंतिम सामना माइन्सविरुद्धच ३८-७ ने जिंकला. २०२१ ते २०२४ या चारही वर्षांचे विजेते, तीनदा फेरिस आणि एकदा हार्डिंग, सुपर रीजन ३ चे.

यातून दोन गोष्टी निघतात. पोलने वरचे दोन संघ बरोबर ओळखले होते, हे मान्य करावं लागतं. पण ते ओळखून ग्रँड व्हॅलीच्या पोरांच्या पदरात काहीच पडलं नाही. आणि तुमच्या लेकीचं कॉलेज याच भागातलं असेल, तर देशातल्या १९ पेक्षा रीजनमध्ये पुढे किती जण उभे आहेत हे मोजणं जास्त गरजेचं.

आता पोल वाचायचा कसा. लोक क्रमांक वाचतात, वाचायचे असतात गुण. प्रत्येक मतदार कोच २५ नावं देतो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं उतरत २५ व्याला १. समजा ३० मतदार आहेत, तर कमाल गुण ७५०. एखाद्या संघाचे ३८० गुण असतील तर ३८० ला ३० ने भागा, १२.६७ येतात, ते २६ मधून वजा करा. १३.३३ ही त्या संघाची सरासरी जागा (ज्याने नावच घेतलं नाही त्याच्या यादीत संघ २६ वा धरायचा). मागच्या संघाचे ३७७ असतील तर फरक ३ गुणांचा. दोन लागून असलेल्या संघांची अदलाबदल एका कोचने केली की फरक २ ने हलतो, म्हणजे दोन कोचांनी विचार बदलला की १२ वा १३ वा होतो. असल्या फरकावर लोक कॅम्पसवर पोस्टर लावतात! याउलट १४ व्या आणि १५ व्यात ७० गुणांची दरी दिसली, तर तिथे खरोखर एक रेष आहे असं समजा. २५ वा संघ ६० गुणांवर असेल, तर डोक्यामागे सरासरी २ गुण पडले. बऱ्याचदा निम्म्या कोचांच्या यादीत तो नसतोच, थोड्याशा जणांनी वर धरल्यामुळे तो आत आलेला असतो. विसाव्या क्रमांकाच्या खालचा भाग आणि ‘इतर मते मिळालेले संघ’ ही रांग, यांत मला गुणवत्तेचा काही फरक दिसत नाही.

संघाच्या नावापुढे कंसात दिलेली पहिल्या क्रमांकाची मतंही बघत जा. पहिला संघ हरायच्या आधीच कधीकधी ती दुसरीकडे सरकायला लागलेली असतात. कोचांची खरी शंका तिथे आधी उमटते, क्रमांकात नंतर.

मतपत्रिका भरली कशी जाते हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. शनिवारी सामना, बाहेरगावी असेल तर रात्री उशिरा बसने परत. रविवारी सकाळी आपल्या सामन्याचं फिल्म बघायचं, एकेका खेळाडूला प्रत्येक चालीवर गुण द्यायचे. दुपारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म, संध्याकाळी बैठक. यादी सोमवारी जाहीर व्हायची, म्हणजे या सगळ्याच्या फटीत २५ नावं भरायची. डिव्हिजन २ मध्ये दीडशेच्या वर संघ फुटबॉल खेळतात. कोचने नीट पाहिलेले असतात आपले प्रतिस्पर्धी आणि त्यांच्या फिल्ममध्ये समोर आलेले. बाकीच्यांचा तो फक्त स्कोर बघतो. कित्येक ठिकाणी तर यादीचा कच्चा खर्डा कॉलेजचा क्रीडा माहिती अधिकारी करतो आणि कोच मान डोलावतो.

मग व्हायचं तेच होतं. गेल्या आठवड्याची यादी समोर ठेवायची, हरलेले खाली ढकलायचे, उरलेले एकेक जागा वर घ्यायचे. सुट्टीचा आठवडा असलेला संघ न खेळता वर चढतो. ऑगस्टमधल्या हंगामपूर्व यादीत ज्याला सातवा धरलं, तो दुबळ्या संघांशी खेळून सलग जिंकत राहिला की नोव्हेंबरात तिसरा होतो, आणि कुणी विचारत नाही की त्याने नेमकं हरवलं कुणाला. सप्टेंबरातला पराभव धुऊन निघतो, नोव्हेंबरातला तोच पराभव त्याच फरकाने झाला तरी आठ-दहा जागा खातो, कारण वर यायला आठवडेच उरत नाहीत. ९-० चा संघ ७-२ च्या वर बसतो, मग त्या दोन पराभवांत समोर पहिला आणि चौथा संघ का असेना. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रीजनबाहेरचे सामने फार कमी होतात. पेनसिल्व्हेनियाचा संघ टेक्सासच्या संघाच्या पुढे की मागे, हे ठरवायला बहुतेक वेळा समान प्रतिस्पर्धीसुद्धा नसतो. ११ सामन्यांच्या हंगामात तेवढा पुरावाच तयार होत नाही.

डिव्हिजन ३ मध्ये पोल तर निव्वळ मानाचा. तिथे २०२४ पासून प्लेऑफ ४० संघांचा झाला आणि थेट पात्र न ठरलेल्यांची निवड एनपीआय या गणिती निर्देशांकावर होते. कोचने कुणाला कितवा धरलं हे त्या गणितात कुठेच येत नाही. २०२३ चा अंतिम सामना आठवा. सलग २९ सामने जिंकलेलं पहिल्या क्रमांकाचं नॉर्थ सेंट्रल, समोर न्यूयॉर्कचं कॉर्टलंड, आणि कॉर्टलंड ३८-३७.

एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेचं प्रकरण मात्र निराळं, आणि इथे मी आधी जे म्हटलं ते उलटतं. तिथे १६ संघांच्या प्लेऑफच्या काळात पोल हाच दरवाजा होता. कॉन्फरन्स जिंकली तरी शेवटच्या पोलमध्ये पहिल्या २० त असावं लागे, आणि उरलेल्या जागा क्रमांकानेच भरल्या जात. (२०२४ मध्ये तिथला प्लेऑफ २० संघांचा झाला.) म्हणूनच त्यांनी मोजणीत एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रत्येक संघाचं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं मत काढून टाकायचं. एखाद्या कोचने आपल्या कॉन्फरन्समधल्या दोस्ताला पाचवा धरलं आणि बाकी कुणी नावच घेतलं नाही, तर ते २१ गुण सरळ गळतात. एखाद्याने खुन्नस काढून चांगल्या संघाला यादीबाहेर ठेवलं, तर तेही गळतं. इतका साधा उपाय सगळीकडे का लावत नाहीत, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

इथे माझा एक जुना वाद आहे आणि तो मी सोडणार नाही. पोलवर टीका केली की ठरलेलं उत्तर मिळतं: कोचांपेक्षा खेळ कुणाला कळतो? खेळ कळतोच त्यांना. समोरच्या संघाची डावी बाजू तिसऱ्या डाउनवर (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) कशी कोसळते हे कोच दोन मिनिटांत सांगेल. पण देशभरातल्या दीडशे संघांची तुलना हे काम वेगळं आहे. त्याला लागतो वेळ आणि नजरेचा पल्ला, आणि हंगामात कोचकडे हे दोन्ही नसतात. वर त्याचा स्वार्थही असतो. ज्या संघाकडून आपण हरलो तो वर गेला की आपला पराभव ‘चांगला पराभव’ ठरतो. डिव्हिजन ३ साठी डीथ्रीफुटबॉल डॉट कॉमची जी यादी निघते, तिचे २५ मतदार कोच, क्रीडा माहिती अधिकारी आणि पत्रकार असे मिसळलेले आहेत. कमाल गुण ६२५. मला ती यादी जास्त विश्वासाची वाटते, कारण त्यात दर शनिवारी पाच-सहा सामने बघणारी माणसं आहेत. शिवाय सगळ्यात वरच्या गटात, एफबीएसमध्ये, कोचेस पोलच्या नियमित हंगामातल्या शेवटच्या मतपत्रिका २००५ पासून नावानिशी जाहीर होतात. खालच्या विभागांतही दर आठवड्याला तसं व्हावं. नाव छापलं जाणार म्हटल्यावर माणूस यादी भरायला आणखी वीस मिनिटं देतो. आणि सप्टेंबर संपेपर्यंत पोल काढूच नये, हे माझं मत कायम आहे. चार सामने होऊ द्यात, मग कोरा कागद घ्या.

एवढं बोलल्यावर हेही सांगायला हवं की पोल बंद करा असं माझं म्हणणं नाही. शिष्यवृत्तीचा पैसा तुटपुंजा असलेल्या छोट्या गावातल्या कॉलेजला भरतीच्या वेळी ‘देशात १९ वा’ हे सांगता येणं मोठी गोष्ट आहे. स्थानिक वर्तमानपत्रात त्या एका ओळीमुळे अर्धं पान मिळतं. पोरांनी अभिमान बाळगावाच.

तुम्ही मात्र असं करा. ज्या आठवड्यात पहिली रीजनल रँकिंग येईल, त्या दिवसापासून पोल बाजूला ठेवा. आपल्या रीजनमध्ये आठव्या जागेच्या आत आहोत का, आणि नवव्या-दहाव्याशी आपला सामना उरलाय का, एवढं तपासा. वेळापत्रकात डिव्हिजन २ बाहेरचा एखादा प्रतिस्पर्धी असेल तर तो विजय वेगळा काढून मोजा, कारण निकषांचा भर डिव्हिजन २ च्या संघांविरुद्धच्या निकालांवर असतो. ८-१ दिसणारा संघ समितीसमोर ७-१ ठरतो. प्रतिस्पर्ध्यांचे निकालही बघा. तुम्ही सप्टेंबरात हरवलेला संघ नंतर कोसळला तर तुमचंही वजन कमी होतं. कॉन्फरन्स जिंकणं हा सगळ्यात सुरक्षित रस्ता. ग्लायकमध्ये असाल तर त्यासाठी बहुधा फेरिस किंवा ग्रँड व्हॅलीला हरवावं लागेल, आणि तो सामना अजून व्हायचा असेल तर लेकीला सांगा, तिकीट आत्ताच काढून ठेव.