माडीवरच्या प्लायवूडवर फ्लोअरिंगच्या विनाइलचा रोल थेट चिकटवला तर चालतो का?

तुमची साताऱ्यातली जुनी कडीपाटाची माडी, फळ्यांवर सुताराने १२ एमएमचं प्लाय ठोकलंय आणि तो म्हणतो, "पीओपीने सांधे भरून देतो, काही होत नाही."

होतं. मी याच भागात इंटिरिअरची कामं घेतो, आणि पीओपी भरलेले असे सांधे उकरून काढायची कामं माझ्याकडे येतात. माडी चालताना थोडी दबतेच. पीओपीला ती हालचाल सोसत नाही. त्याचा भुगा होतो आणि विनाइलखाली वाळू सांडल्यासारखं करकरायला लागतं.

आधी चपला काढून, टाचेवर जोर देत सगळी खोली चालून बघा. कुरकुरेल तिथं खडूने फुली मारा. पेन, मार्कर अजिबात नको. सुतारमंडळींना प्लायवरच मापं लिहायची खोड असते, पण ती शाई विनाइलमधून हळूहळू वर उमटते आणि मग काही केल्या जात नाही. आधीच लिहिलं असेल तर तेवढा भाग घासून काढा. वाळवीचं तेलकट औषधही वरच्या बाजूला मारू देऊ नका, त्याचेही डाग येतात.

खिळे मारले असतील तर खरं काम तिथं आहे. खिळा आज ना उद्या डोकं वर काढतो. त्याऐवजी स्क्रू मारा, कडेने सहा-सहा इंचांवर, मध्ये आठ-दहा इंचांवर. खालची फळीच हलत असेल तर थेट कडीत जाईल एवढा लांब घ्या. डोकं प्लायच्या किंचित आत बुडलं पाहिजे. शीट उचलावीच लागली तर परत बसवताना सांधेमोड करा, म्हणजे शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, आणि दोन शीटमध्ये २-३ मिमी फट ठेवा.

सांधे आणि स्क्रूची भोकं भरायला हार्डनर मिसळायची पुट्टी आणा, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे असते ती. थोडी थोडीच कालवा, काही मिनिटांत आळते. भिंतीची पुट्टी इथं कामाची नाही. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, मग रात्री दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड पाडा. दिवसा सपाट वाटणाऱ्या जागी सावल्या दिसतील. त्यातली प्रत्येक सावली उद्या विनाइलवर दिसणार आहे, रोल कितीही महागाचा असो. गवंड्याची सहा फुटी पट्टी फिरवून खोलगट जागाही भरून घ्या.

हे सगळं दिवाळीनंतर करा. माण-खटावच्या कोरड्या भागात एक वेळ चालून जाईल, पण साताऱ्याच्या पावसात प्लाय ओल धरतं, आणि वरून विनाइल बसलं की ती ओल आत कोंडते. कौलं गळत असतील तर आधी ती.

झाडू पुरत नाही, व्हॅक्यूम मारा. प्लाय गोंद पितं, म्हणून प्रायमरचा एक हात द्या. रोल आदल्या दिवशी त्याच खोलीत उलगडून ठेवा, गुंडाळीचा बाक गेल्याशिवाय गोंदाचा डबा उघडू नका.