फेक बसली, तरी मुलगा बाद का झाला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १५ वर्षांचा, ज्युदो स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. उचिमाता (मांड्यांमधून पाय घालून, उचलून फेकायचा डाव) टाकली, समोरचा पाठीवर आपटला आणि पंचांनी इप्पोन, म्हणजे लढत जिंकून देणारा पूर्ण गुण, देण्याऐवजी तुमच्याच मुलाला थेट हनसोकु-माके दिलं, म्हणजे नियमभंगासाठी बाद केलं. समोरच्याला खरचटलंही नाही, मग शिक्षा कसली, असं तुम्ही विचारलंय. ही शिक्षा तुमच्या मुलाच्या मानेसाठी होती.

टाकताना त्याचं डोकं 'जरासं' गादीला टेकलं, असं तुम्ही लिहिता. तो क्षण थांबवून बघा. एक पाय हवेत, दुसऱ्यावरचा तोल पुढे गेलेला, दोन्ही हात पकडीत अडकलेले. अशा वेळी डोकं आधी टेकलं, तर स्वतःचं आणि पाठीवरच्या गड्याचं, दोघांचं वजन वाकलेल्या मानेवर येतं. उचिमाता आणि हराई-गोशी (कमरेवर घेऊन पायाने उडवायचा डाव) यांत हा धोका नेहमीचाच. पोरांच्या वयोगटात पंच इथे हयगय करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

या खेळातल्या बऱ्याच बंदींमागे कोणाचं तरी मोडलेलं हाड असतं. १९८० च्या अखिल जपान स्पर्धेत कानी-बासामीने (दोन्ही पायांची कात्री करून पाडायचा डाव) जपानचे नामवंत ज्युदोपटू यामाशिता यांचा पाय मोडला. पुढे हा डाव स्पर्धेतून हद्दपार झाला. सांधे पिळण्याच्या डावांत फक्त कोपराला मुभा, तेही त्याचसाठी.

आता तुमच्या पत्रातलं मला सर्वांत लागलेलं वाक्य: बाद झाल्यावर तो कपडे बदलून बसला आणि नंतर नाव पुकारलं तेव्हा हजर नव्हता. अहो, तो रेपेचाजचा, म्हणजे हरलेल्यांना कांस्यपदकासाठी मिळणाऱ्या दुसऱ्या संधीचा पुकारा होता! डोकं टेकल्याबद्दलचं किंवा तिसऱ्या शिदोमुळे (किरकोळ चुकीची ताकीद) मिळालेलं हनसोकु-माके म्हणजे ती एक लढत गेली. अख्ख्या स्पर्धेतून बाहेर काढतात ते ज्युदोच्या भावनेला धक्का देणाऱ्या वागण्यासाठी. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना रेपेचाज मिळतो आणि कांस्यपदकं दोन असतात. पुढच्या वेळी आयोजकांच्या टेबलावर विचारल्याशिवाय पट्टा सोडू देऊ नका.

सराव करताना त्याला नुसतं 'डोकं वर ठेव' म्हणून भागणार नाही. दोष बहुधा हातात असतो. बाही ओढणारा हात सैल पडला की समोरच्याचा तोल सुटत नाही, मग मुलगा स्वतःच पुढे झोकून देतो. काही दिवस फेकणं बंद ठेवा, फक्त उचिकोमी, म्हणजे न फेकता डावात शिरण्याचा पुन्हा पुन्हा सराव, करून घ्या. दर वेळी बाहीचा हात घड्याळ बघितल्यासारखा डोळ्यांसमोर आला पाहिजे आणि मान त्याच बाजूला वळली पाहिजे. तोल गेलाच, तर खांद्यावरून गोल फिरायचं. हे अंगात मुरलं की मगच फेकायला लावा.